शब्दाचा अर्थ कोणाचा? : युरोपीय उद्योगसंस्थांचा लोकसंवाद आणि एका जर्मन शब्दाचा अर्थनिर्णय

मोठ्या उद्योगसंस्थांनी जनतेशी कसे बोलावे हा प्रश्न वरकरणी व्यवस्थापनशास्त्राचा किंवा वृत्तपत्रविद्येचा वाटतो. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने लक्ष घालावे असे त्यात काही नाही, असाच सामान्यतः समज आहे. आणि प्रस्तुत लेखकाचाही काही वर्षांपूर्वीपर्यंत तोच समज होता. तथापि युरोपातील ह्या व्यवसायाचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास पाहू लागल्यावर असे दिसून येते की, त्यातील कितीतरी तंटे शेवटी एखाद्या शब्दावर येऊन ठेपतात. अर्थनिर्णयाचे जे प्रश्न आपण वर्गात शास्त्रीय कुतूहलाचे म्हणून शिकवितो, तेच तेथे कंपन्यांचे संचालक, ग्राहकसंघ आणि न्यायाधीश ह्यांच्यापुढे उभे राहिलेले आहेत. शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या मनातला धरावयाचा की ऐकणाऱ्याच्या, हा त्यांतील मुख्य प्रश्न होय.

प्रथम ह्या व्यवसायाच्या नावाविषयी थोडे लिहिले पाहिजे. कारण गोंधळास तेथूनच सुरुवात होते. ‘पब्लिक रिलेशन्स’ ही संज्ञा अमेरिकेत रूढ होऊन युरोपात आली, तेव्हा तेथील पुष्कळ भाषांना ती नीटशी पेलली नाही. फ्रेंचांनी तिचा शब्दशः अनुवाद केला. जर्मनांनी ‘एफेंटलिशकाइट्सआर्बाइट’ हा सामासिक शब्द वापरात आणला. आपण तो १९५० मध्ये घडविला असे अल्बर्ट एक्ल ह्यांचे म्हणणे होते. परंतु १९१७ मध्येच प्रॉटेस्टंट पंथाच्या वृत्तपत्रीय संघटनेच्या लिखाणात तो आढळतो, असे पुढे संशोधकांनी दाखवून दिले. ‘आर्बाइट’ म्हणजे काम. ‘एफेंटलिशकाइट’चा अर्थ मात्र ‘जनता’ एवढाच नव्हे. जे उघड आहे, चारचौघांत आहे, त्याची स्थिती किंवा त्याचे क्षेत्र असा त्या शब्दाचा भाव आहे. एक्ल ह्यांनी आपल्या संज्ञेचे विवरण करताना लोकांमध्ये, लोकांसह आणि लोकांसाठी केलेले काम असे तीन संबंध सांगितले. युर्गेन हाबरमास ह्यांचा १९६२ मधील प्रसिद्ध ग्रंथ ह्याच ‘एफेंटलिशकाइट’च्या स्थित्यंतराविषयी आहे. १९८९ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले तेव्हा अनुवादकास एका शब्दासाठी ‘पब्लिक स्फिअर’ असे दोन शब्द योजावे लागले. डच भाषेत शासकीय माहितीकार्याला ‘व्होरलिख्टिंग’ म्हणण्याची पद्धत आहे. त्याचा व्युत्पत्त्यर्थ पुढे उजेड धरणे असा होतो.

बेटेके व्हान रूलर आणि देयान व्हेर्चिच ह्या दोन अभ्यासकांनी २००२ मध्ये स्लोव्हेनियातील ब्लेड गावाच्या नावाने जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात ह्याच भेदावर भर दिलेला आहे. अमेरिकन कल्पनेत संस्था आणि तिच्याशी संबंध येणारे लोकगट ह्यांतील नाते महत्त्वाचे असते. युरोपीय कल्पनेत ते नाते ज्या उघड्या मैदानात जुळते त्या मैदानाचाही विचार अभिप्रेत असतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. (आपल्याकडील ‘जनसंपर्क’ हा शब्द ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ‘संपर्क’ म्हणजे स्पर्श. तो चव्हाट्यावर होतो की बंद दालनात, ह्याविषयी शब्द काहीच सांगत नाही.)

हा भेद केवळ कोशातला नाही, हे १९९५ मधील ‘ब्रेंट स्पार’ प्रकरणाने दाखवून दिले. उत्तर समुद्रातील तेल साठविण्याचे हे तरंगते टाके निकामी झाल्यावर अटलांटिकच्या खोल पाण्यात सोडावयाचे असे शेल कंपनीच्या ब्रिटिश शाखेने ठरविले आणि ब्रिटिश शासनाची रीतसर परवानगीही मिळविली. इंग्रजी कागदपत्रांत त्या कृतीचे नाव ‘डिस्पोजल’, म्हणजे विल्हेवाट, असे होते. जर्मन वृत्तपत्रांत तिचे नाव ‘फेर्झेंकुंग’, म्हणजे बुडविणे, असे झाले. एका शब्दात कार्यालयीन व्यवस्था आहे, तर दुसऱ्यात पाण्याचा खळखळाट. ग्रीनपीस संघटनेने टाक्यावर ठाण मांडले, जर्मन मोटारचालकांनी शेलच्या पंपांकडे पाठ फिरविली, आणि २० जून १९९५ रोजी कंपनीने बेत सोडून दिला. टाक्यात उरलेल्या तेलाचा आपला अंदाज चुकला होता हे ग्रीनपीसने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मान्य करून क्षमा मागितली, ही गोष्टही नोंदविली पाहिजे. लंडनमध्ये झालेल्या निर्णयाबद्दल हांबुर्गमध्ये उत्तर द्यावे लागते आणि ते तेथील भाषेतील शब्दाला द्यावे लागते, हा धडा युरोपातील कंपन्यांनी ह्या प्रसंगी घेतला असे म्हणावयास हरकत नाही.

फोक्सवागन कंपनीचे उदाहरण निराळ्या प्रकारचे आहे. डिझेल मोटारींतील संगणकप्रणाली चाचणीच्या वेळी वायूंचे उत्सर्जन कमी दाखवीत असे, हे सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाले. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ती प्रणाली होती. कंपनीने सुरुवातीस योजलेला शब्द होता ‘अनियमितता’. पुढे ‘डिझेल-विषय’ असा शब्द तिच्या निवेदनांत रुळला. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीचे नवे प्रमुख मॅथियास म्युलर ह्यांनी डेट्रॉइट येथे एका अमेरिकन नभोवाणीस इंग्रजीत मुलाखत दिली. हा तांत्रिक प्रश्न होता, आम्ही खोटे बोललो नाही, अमेरिकन कायद्याचा अर्थ लावताना आमची चूक झाली, अशा आशयाचे ते बोलले. त्यावर गहजब झाल्यामुळे, आदल्या दिवशी भोवती फार गलबला होता असे कारण सांगून कंपनीने दुसऱ्या दिवशी पुन्हा मुलाखत दिली. २०१७ मध्ये कंपनीने अमेरिकन न्यायालयात गुन्हा कबूल केला. येथे परभाषेत बोलण्याची अडचण खरी होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु ‘अनियमितता’ हा शब्द जर्मनच होता आणि तो मातृभाषेत, विचारपूर्वक निवडलेला होता. त्या शब्दाला कर्ता लागत नाही, हे त्याचे व्याकरणिक वैशिष्ट्य. ‘फसविले’ म्हटले की ‘कोणी?’ ही आकांक्षा लगेच उत्पन्न होते. ‘अनियमितता आढळली’ म्हटले की ती शमते.

ह्या दोन प्रकरणांत शब्दांचा निवाडा लोकमताने केला. त्यानंतरच्या काळात तोच निवाडा न्यायासनापुढे जाऊ लागला, आणि ह्या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाची नवी प्रवृत्ती माझ्या मते हीच आहे. आता मुख्य उदाहरणाकडे वळू.

काट्येस ही जर्मनीतील फळांच्या व ज्येष्ठमधाच्या चिवट गोळ्या बनविणारी कंपनी आहे. खाद्यपदार्थांच्या व्यापाऱ्यांसाठी निघणाऱ्या एका साप्ताहिकात तिने अशी जाहिरात दिली की, २०२१ पासून आपली सर्व उत्पादने ‘क्लिमानॉयट्राल’ रीतीने तयार होतात. शब्दशः पाहता ह्याचा अर्थ ‘हवामानाच्या बाबतीत तटस्थ’ असा होतो. वस्तुस्थिती अशी होती की, कारखान्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतच होता. त्याच्या भरपाईसाठी कंपनी एका मध्यस्थ संस्थेमार्फत अन्यत्र चाललेल्या हवामानरक्षणाच्या प्रकल्पांना पैसे देत होती. जाहिरातीत त्या मध्यस्थ संस्थेच्या संकेतस्थळाचा निर्देश होता, आणि अधिक माहिती हवी असल्यास ती तेथे मिळू शकत होती. अनुचित स्पर्धेविरुद्ध काम करणाऱ्या एका जुन्या जर्मन संघटनेने कंपनीवर दावा लावला. क्लेव्ह येथील न्यायालयाने तो फेटाळला. ड्यूसेलडॉर्फ येथील वरिष्ठ न्यायालयानेही ६ जुलै २०२३ रोजी कंपनीचीच बाजू उचलून धरली. परंतु कार्ल्सरूह येथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २७ जून २०२४ रोजी तो निर्णय फिरविला.

दोन्ही न्यायालयांची विचारसरणी भाषेच्या अभ्यासकाने बारकाईने पाहण्यासारखी आहे. ड्यूसेलडॉर्फचे म्हणणे असे की, ह्या साप्ताहिकाचा वाचक व्यापारी आहे. ‘तटस्थ’ म्हणजे जमाखर्च शेवटी शून्य, हे तो जाणतो. आणि तो शून्य उत्सर्जन टाळून साधता येतो तसाच भरपाई करूनही साधता येतो, हेही त्यास ठाऊक आहे. तेव्हा फसवणूक झाली कोठे? उलट कार्ल्सरूहचे म्हणणे असे की, हा शब्द द्व्यर्थी आहे. व्यापारी असो वा सामान्य गिऱ्हाईक असो, तो त्यावरून उत्पादनातच घट केली आहे असेही समजू शकेल आणि केवळ भरपाई केली आहे असेही समजू शकेल. पर्यावरणाविषयीच्या जाहिरातीत दिशाभूल होण्याचा संभव विशेष असतो; म्हणून आरोग्यविषयक जाहिरातींना जो कडक नियम लावतात तोच येथे लावला पाहिजे. शब्दाचा नेमका अर्थ त्या जाहिरातीतच सांगावयास हवा. बाहेर अन्यत्र तो उपलब्ध असणे पुरेसे नाही. शिवाय घट आणि भरपाई ह्या समान किमतीच्या गोष्टी नव्हेत. हवामानरक्षणाच्या दृष्टीने घटीला अग्रक्रम आहे.

आपल्या परंपरेत ह्या प्रश्नाचे जे उदाहरण देतात ते सर्वांच्या परिचयाचे आहे. ‘सैंधव आण’ असे म्हटले असता जेवणाच्या वेळी मीठ आणावयाचे, प्रवासाच्या वेळी सिंधू देशचा घोडा. वर्गात हे सांगितले की विद्यार्थी हसतात. जेवणाच्या पंगतीत घोडा कोण आणील, असा त्यांचा भाव असतो. परंतु जाहिरातीची अडचण हीच आहे की, तिचा वाचक पंगतीला बसलेला आहे की घोड्यावर मांड टाकण्याच्या बेतात आहे, हे जाहिरातदारास कळण्याचा मार्ग नाही. प्रकरण म्हणजे प्रसंगसंदर्भ, आणि तो येथे हाताशी नसतो. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त अर्थनिश्चयाची जी साधने गणलेली आहेत, त्यांत प्रकरणाप्रमाणेच ‘अन्य शब्दाचे सान्निध्य’ हेही एक आहे. प्रकरणाचा आधार नसेल तर शेजारच्या शब्दाने अर्थ निश्चित करा, असेच कार्ल्सरूहच्या न्यायाधीशांनी कंपनीस सांगितले. आणि तो शब्द सान्निध्यातच हवा, दुसऱ्या ठिकाणी जाऊन शोधावा लागता कामा नये, हेही बजावले.

निर्णयाचा हा भाग मला पूर्णपणे पटतो. त्यामागील ‘द्व्यर्थी’ ही उपपत्ती मात्र तितकीशी पटत नाही. ‘सैंधव’ हा शब्द खरोखर अनेकार्थी आहे. ‘भावंड’ हा तसा नाही. भावंड म्हटल्यावर भाऊ की बहीण हे कळत नाही, परंतु म्हणून कोणी त्या शब्दाला दोन अर्थ आहेत असे म्हणत नाही. त्याचा एकच अर्थ आहे आणि तो व्यापक आहे. शब्द अनेकार्थी आहे की नुसता व्यापक, हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे : एकाच वस्तूविषयी त्या शब्दाचे विधान आणि निषेध दोन्ही विसंगतीवाचून करता येतात काय? ‘हे सैंधव आहे, पण ते सैंधव नव्हे’ असे थोडे हसून म्हणता येते. ‘ही माझी भावंड आहे, पण भावंड नव्हे’ असे म्हणता येत नाही. काटेकोरपणे पाहिले तर ‘क्लिमानॉयट्राल’ हा शब्द भावंडांच्या बाजूला झुकतो, आणि त्या मर्यादेत ड्यूसेलडॉर्फचे म्हणणे भाषिक दृष्ट्या अधिक बरोबर होते.

मग कार्ल्सरूहचा निर्णय चुकीचा ठरतो काय? मला तसे वाटत नाही. स्थळ पाहावयास गेलेल्या माणसास ‘घरी एक भावंड आहे’ एवढेच सांगून चालत नाही. त्याच्या दृष्टीने भाऊ आणि बहीण ह्यांतील फरकच महत्त्वाचा असतो. गिऱ्हाईक जेव्हा दोन पुड्यांतील एक निवडते, तेव्हा धूर कमी झाला की धुराबद्दल पैसे भरले, ह्या फरकास त्याच्या लेखी मोल असते. शब्द व्यापक आहे म्हणून तो निर्दोष ठरत नाही. ज्या ठिकाणी विशेष सांगावयास हवा तेथे सामान्य सांगणे हाच दोष होय. न्यायालयाने शब्दार्थाच्या मार्गाने जो निष्कर्ष काढला, तो तात्पर्याच्या मार्गाने अधिक सरळ निघाला असता, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणखी एक शंका आहे. वाचक काय समजतो हे न्यायाधीशास कसे कळते? जर्मन पद्धतीत तो बहुधा स्वतःच्या अनुभवावरून ठरवितो. युरोपीय न्यायालयाने १६ जुलै १९९८ रोजी एका अंडीविक्रेत्याच्या प्रकरणात ह्याविषयी तत्त्व घालून दिले. अंड्यांच्या खोक्यावर ‘सहा धान्ये’ असे छापलेले होते. कोंबड्यांच्या खाद्यात ती सहा धान्ये होती खरी, परंतु मिश्रणातील त्यांचे प्रमाण ६० टक्केच होते. पुरेशी माहिती असलेल्या, पुरेशा लक्षपूर्वक आणि सावधपणे पाहणाऱ्या सरासरी ग्राहकाची अपेक्षा काय असेल, हे राष्ट्रीय न्यायालयांनी आपल्या बुद्धीने ठरवावे. विशेष अडचण वाटल्यास लोकमताची पाहणी करावी किंवा तज्ज्ञाचे मत घ्यावे, असे त्या निर्णयात सांगितले आहे. हा ‘सरासरी ग्राहक’ म्हणजे आपल्या काव्यशास्त्रातील सहृदयाचा भाऊबंद होय. दोघेही शास्त्राला आवश्यक आहेत, आणि दोघांपैकी कोणासही कोणी बाजारात पाहिलेले नाही.

नेदरलँड्समध्ये ह्याच प्रवाहातला दुसरा निर्णय २० मार्च २०२४ रोजी झाला. के.एल.एम. ह्या विमानकंपनीची जबाबदारीने उड्डाण करण्याविषयीची जाहिरातमोहीम ॲमस्टरडॅमच्या न्यायालयापुढे आली. तपासलेल्या एकोणीस विधानांपैकी पंधरा दिशाभूल करणारी ठरली. येथे वादाच्या केंद्राशी असलेल्या ‘ड्यूर्झाम’ ह्या शब्दाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. त्याचा जुना अर्थ ‘टिकाऊ’ : बूट ड्यूर्झाम असतात, कापड ड्यूर्झाम असते. १९८७ च्या ब्रुंटलंड अहवालानंतर इंग्रजी ‘सस्टेनेबल’चा सारा भार त्या शब्दावर आला. फ्रेंच ‘ड्युराब्ल’चीही तीच गत झाली. जर्मन ‘नाखहाल्टिग’ हा मात्र वनविद्येच्या परंपरेतून आला. १७१३ मध्ये कार्लोवित्स ह्या सॅक्सनीतील खाणअधिकाऱ्याने, लाकूडतोड जंगलाच्या वाढीला धरून असावी, हा विचार मांडताना त्याचे पूर्वरूप वापरले होते. म्हणजे एकच कंपनी तीन देशांत ‘एकच गोष्ट’ सांगते तेव्हा एकीकडे टिकाऊ बुटांची आठवण जागी होते आणि दुसरीकडे वनरक्षकाच्या हिशेबवहीची. संस्थेचा आवाज सर्वत्र एकच असावा, असे संपर्कशास्त्रातील पाठ्यग्रंथ सांगतात. शब्दांचे इतिहास तो एक राहू देत नाहीत.

युरोपीय संघाच्या २०२४ मधील ८२५ व्या क्रमांकाच्या निर्देशाने ह्या सर्व प्रकाराला आता कायद्याची चौकट दिली आहे. निर्देशातील नियम २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू करावयाचे, असे त्यातच नमूद आहे. भरपाईच्या आधारावर एखादी वस्तू हवामानाच्या दृष्टीने तटस्थ असल्याचे ग्राहकांस सांगणे त्याने सरसकट निषिद्ध ठरविले. म्हणजे कार्ल्सरूहने जेथे ‘स्पष्टीकरण द्या’ म्हटले, तेथे निर्देशाने ‘म्हणूच नका’ असे म्हटले. फ्रान्सने २०२१ च्या हवामानविषयक कायद्यात ह्याहून वेगळी वाट धरली होती : शब्द वापरावयाचा असेल तर उत्सर्जनाचा आणि ते कमी करण्याच्या मार्गाचा तपशील प्रसिद्ध करा, अशी अट तेथे घातलेली होती. ‘पर्यावरणस्नेही’, ‘हरित’, ‘हवामानस्नेही’ ह्यांसारखी मोघम विशेषणेही निर्देशाने, मान्यताप्राप्त उत्कृष्टता सिद्ध होत नसेल तर, वर्ज्य ठरविली. मात्र दाव्याचा तपशील त्याच माध्यमावर स्पष्टपणे दिला असेल तर तो दावा मोघम मानला जात नाही. निर्देशाच्या प्रास्ताविकात ह्याचे उदाहरण दिले आहे : ‘हवामानस्नेही वेष्टन’ म्हणणे मोघम होय, परंतु वेष्टनाच्या निर्मितीस लागलेली शंभर टक्के ऊर्जा नवीकरणीय स्रोतांतून आली आहे, असे म्हणणे नेमके होय. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर विशेषणाचे वाक्य करा, असा हा आदेश आहे. वाक्याला क्रियापद असते, परिमाण असते. ते खरे की खोटे हे तपासता येते.

आता हा निर्देश संघाच्या चोवीस अधिकृत भाषांत आहे आणि त्या सर्व संहिता सारख्याच प्रमाण आहेत. १९८२ च्या एका सुप्रसिद्ध निर्णयात युरोपीय न्यायालयाने सांगितल्याप्रमाणे त्यांची परस्परांशी तुलना करूनच अर्थ लावावा लागतो. पूर्वी कंपनीच्या मुख्य कार्यालयात इंग्रजी मजकूर तयार होत असे आणि अनुवादक तो शेवटच्या आठवड्यात निरनिराळ्या भाषांत उतरवून देत. ह्यापुढे ते धोक्याचे आहे; कारण अमुक भाषेतील वाचक अमुक शब्दावरून काय समजतो, ह्यावर दंड अवलंबून आहे. लाइपझिगचे आन्स्गार त्सेर्फास आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २००७ पासून चालविलेल्या युरोपीय संपर्कव्यावसायिकांच्या पाहण्यांत विश्वास टिकविणे आणि संस्थेच्या धोरणाशी संपर्ककार्याची सांगड घालणे हे दोन प्रश्न वारंवार वरच्या क्रमांकावर आलेले दिसतात. अनुवादाचा प्रश्न ह्या दोहोंचा भाग आहे, हे मात्र त्या व्यवसायाच्या अजून पुरते ध्यानात आलेले दिसत नाही.

ह्या कडकपणाची दुसरी बाजू अशी की, कित्येक कंपन्या पर्यावरणाविषयी बोलण्याचेच टाळू लागल्या आहेत. खऱ्या सुधारणाही त्या सांगत नाहीत; सांगितल्या तर कोणीतरी शब्द पकडील, ही भीती. ह्या मौनाला इंग्रजीत ‘ग्रीनहशिंग’ असे नाव पडलेले आहे. जे बोललेच गेले नाही त्याची सामग्री जमवावयाची कशी, ही संशोधकाची मोठीच अडचण आहे. जुन्या व नव्या वार्षिक अहवालांची ओळीने तुलना करून कोणती विधाने गळाली हे पाहणे, एवढाच एक मार्ग मला सुचतो.

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी पर्यावरणविषयक दिशाभुलीच्या दाव्यांसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली असून, ‘हरित’, ‘नैसर्गिक’ ह्यांसारखे मोघम शब्द पुरेशा खुलाशाशिवाय व पुराव्याशिवाय वापरू नयेत, असे त्यांत म्हटले आहे. मराठी वेष्टनांवर ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’ आणि ‘सेंद्रिय’ हे शब्द कोणकोणत्या नामांशेजारी येतात आणि वाचक त्यांवरून काय समजतात, ह्याची पद्धतशीर पाहणी झालेली माझ्या पाहण्यात नाही. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास हा विषय प्रबंधिकेसाठी हाती घ्यावयाचा असल्यास, गेल्या दोन वर्षांत मी जमविलेली वेष्टने विभागाच्या कपाटात ठेवलेली आहेत. ती कोणत्याही कामाच्या दिवशी पाहावयास मिळतील.